टायमिंग बेल्टचा खर्च

डॉक्टरांनी बायकोला गाडी चालवायला बंदी केली, त्याला दोनएक महिने झाले असतील. एका सकाळी पोहे खाताखाता ती म्हणाली, "अहो, गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला झालाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कंपवात झाल्यापासून तिचा आवाज बारीक होत चालला होता. शब्द ओठांपर्यंत येईतो अर्धे विरून जायचे. मी पुन्हा विचारलं.

"बेल्ट. टायमिंग बेल्ट. आणि त्याच्याबरोबर वॉटर पंप."

मांडीवर ठेवलेला तिचा डावा हात थरथरत होता. तिने उजव्या हाताने तो दाबून धरला आणि माझ्याकडे पाहिलं. गाडी खाली पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती. आठवड्यातून एकदा सोसायटीचा वॉचमन वर येऊन किल्ली न्यायचा, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून परत आणून द्यायचा, एवढंच. मी म्हटलं, "पण चालवणार कोण आहे ती?"

"ते मी विचारलेलं नाही," ती म्हणाली. "बेल्ट बदलायला झालाय, एवढं सांगितलं."

आमच्या घरात गाडी तिची होती. मी कधी शिकलोच नाही. कोथरूडमधल्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचो, घरापासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे गरज पडली नाही. ती मात्र पाटबंधारे खात्यात अभियंता. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिला कालव्याच्या कामावर टाकलं, तिथे खात्याच्या जीपवरच्या वयस्कर ड्रायव्हरने तिला गाडी शिकवली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि मधे जेमतेम जीप मावेल एवढा रस्ता. "चुकलात तर पाण्यात, एवढंच त्यांनी शिकवलं," असं ती हसत सांगायची. तिचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. तिने पहिली गाडी घेतली, जुनीच, आणि ती माहेरी नेली तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली होती. वडील पुढे बसेनात. साहेब लोक मागेच बसतात हे त्यांनी पाहिलेलं होतं, म्हणून लेकीच्या गाडीतही ते मागे बसले, खिडकीच्या काचेला बोट न लावता, ताठ. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला तिने घरच्या सगळ्यांना दोन खेपा करून विहारात नेलं होतं.

मी जन्मभर तिच्या डाव्या बाजूला बसलो. लग्नकार्यं, मुलीची कॉलेजं, माझ्या आईचं आजारपण, महाबळेश्वर, कोकण, सगळीकडे. ती गाडी चालवायची आणि मी पाण्याची बाटली उघडून द्यायचो.

सध्याची गाडी तिने निवृत्तीच्या थोडं आधी घेतली होती. छोटी, राखाडी रंगाची, डिझेलची. पोह्यांच्या त्या सकाळी बशी बाजूला सारून तिने मला सगळं समजावून सांगितलं. थांबत थांबत, मधे घोटभर पाणी पीत. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग एका तालात फिरायला लागतात, आणि तो ताल एक रबरी पट्टा राखतो. पट्टा तुटला तर आतले भाग एकमेकांवर आपटतात आणि सगळं इंजिन उघडावं लागतं.

"तुटायच्या आधी आवाज येतो का?" मी विचारलं.

"नाही."

"दिवा वगैरे लागतो?"

"काही नाही. चालू असताना जातो."

"पण आपली गाडी हल्ली चालतेच कुठे?"

"रबर उभ्याउभ्याही म्हातारं होतं. वर्षं भरली की बदलायचा." मग पंपाचं. इंजिन गार ठेवणारं पाणी जो पंप फिरवतो तो याच पट्ट्यावर चालतो. त्याच्यापर्यंत पोचायला तेवढीच उघडझाप करावी लागते. आत्ता नुसता पट्टा बदलला आणि पुढे पंप गळायला लागला, तर मजुरी पुन्हा भरा. म्हणून दोन्ही एकदम करायचं. हे सांगून होईतो चहा गार झाला होता आणि ती दमली होती.

मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या मुलीने सव्वीस हजारांच्या आसपास आकडा सांगितला आणि "उघडल्यावर कळेल सर" अशी पुस्ती जोडली. आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने अठरा सांगितले. गाडी विकायला काढली असती तर लाखभर आले असते, नसतेही. पैशांची तशी ओढाताण नव्हती. दोघांची पेन्शन येत होती, तिची माझ्याहून बरी. अडचण वेगळीच होती. या खर्चाला हो म्हटलं तर ती पुन्हा गाडी चालवणार असं मी मान्य केल्यासारखं होत होतं, आणि नको म्हटलं तर ती कधीच चालवणार नाही असं तिच्या तोंडावर सांगितल्यासारखं. मी काहीच म्हटलं नाही. चार दिवस तिनेही विषय काढला नाही.

रविवारी मुलगी आली. ती वाघोलीला राहते. नगर रस्त्याच्या ट्रॅफिकमधून कोथरूडला यायचं म्हणजे तिचा अर्धा दिवस जातो, म्हणून आली की ती घाईतच असते. फ्रीज उघडून बघते, औषधांचा डबा भरते, कामवाल्या बाईशी बोलते. जेवताना बायकोने तिला बेल्टचं सांगितलं.

"आई, कशाला पण?" मुलगी म्हणाली. "कॅब बोलवायची ना. दारात येते. बाबांना ॲप टाकून दिलंय मी."

"कॅब येऊ दे की. मी कुठे नको म्हटलं."

"मग गाडीवर एवढा खर्च कशासाठी? उलट विकून टाकू आत्ताच. किंमत दरवर्षी कमीच होणार आहे."

बायकोने भाताचा घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली. गिळायला तिला वेळ लागायचा. आम्ही दोघं तिच्या उत्तराची वाट बघत बसलो. घास गिळून झाल्यावर ती म्हणाली, "कढी छान झालीय."

मुलीला सोडायला मी लिफ्टपर्यंत गेलो. तिचे डोळे भरले होते. "बाबा, तिला वाटतंय ती परत चालवणार आहे. तुम्ही तिला सांगत का नाही?"

"तू सांग," मी म्हटलं.

लिफ्ट आली. तिने आत जाऊन बटण दाबलं आणि दार मिटेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिली. तीही सांगणार नव्हती.

त्याच आठवड्यात फिजिओथेरपीवाली बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, सुधारणा होईल अशी अपेक्षा ठेवू नका. आहे ते टिकवायचं, एवढंच आपल्या हातात." तिने ते चांगल्या मनाने सांगितलं होतं. मी आत आलो. बायको पलंगाच्या कडेला बसून चपलेत पाय सरकवायचा प्रयत्न करत होती. किती महिन्यांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. गोळ्या दिल्या की घेत होती, वाढलं की जेवत होती. मागितला होता तो एक बेल्ट. मी गॅरेजला फोन लावला.

गॅरेजचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला. मीही बरोबर गेलो, सवयीने डाव्या बाजूला बसून. कर्वेनगरमधल्या एका बोळात ते गॅरेज आहे. मालक चाळिशीचा, फोन कायम खांद्यात दाबलेला. त्याने बॉनेट उघडलं, काही क्षण आत पाहिलं आणि मला म्हणाला, "काका, विकायची असेल तर हे करू नका. पैसे वसूल होत नाहीत."

"विकायची नाही."

"मग चालवतं कोण? बरेच दिवस उभी दिसते."

"मॅडम," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. तो तिला ओळखत होता. गाडी द्यायला ती स्वतः यायची आणि त्याच्या शेजारी उभी राहून इंजिनात डोकं घालायची. "बऱ्या आहेत ना आता?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

काम सुरू झाल्यावर त्याचा फोन आला. गाडी उघडली होती. पंपाला गळती सुरू झाल्याची खूण दिसत होती आणि अजून एकदोन वस्तू बदलाव्या लागणार होत्या. बायकोने हात पुढे केला. तिला बोलायचं होतं. मी स्पीकर लावून फोन तिच्या तोंडाजवळ धरला.

ती म्हणाली, "टेन्शनरपण नवीन टाकताय ना?"

"हॅलो?" तो म्हणाला. "हॅलो, मॅडम?"

तिने श्वास घेतला आणि पुन्हा म्हटलं. माझ्या कानापाशी ते मला नीट ऐकू आलं. फोनमधून तो म्हणाला, "हॅलो, आवाज येत नाहीये. काका, तुमच्याकडे नेटवर्क नाहीये का? बाहेर येऊन बोला जरा."

"नेटवर्क आहे," मी म्हटलं. "थांबा, मीच सांगतो."

मग ती मला सांगत गेली आणि मी त्याला. टेन्शनर. पुली. पंपाखालचं गॅस्केट. कूलंट सगळं नवीन, जुनं परत ओतायचं नाही. निघालेला बेल्ट टाकून द्यायचा नाही, तो बघायचाय. मला यातल्या निम्म्या गोष्टी काय असतात तेही ठाऊक नव्हतं. शाळेत एखादं मूल न कळलेला धडा घडाघडा म्हणून दाखवतं तसा मी बोलत होतो. तो दरवेळी "हो काका", "करतो काका" म्हणत होता. तिला एकदाही नाही. याच बाईने एकदा कालव्याच्या या काठावरून पलीकडच्या काठावरच्या ठेकेदाराला असं झापलेलं मी पाहिलंय की त्याने त्याच दिवशी केलेलं काँक्रीट उखडून टाकलं होतं. शेवटी ती फोनकडे वाकून म्हणाली, "आभारी आहे." त्याने फोन तोवर ठेवून दिला होता.

बिल एकवीस हजारांच्या वर गेलं. मी ते भरलं आणि जुना बेल्ट वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला. तिने तो मांडीवर घेतला, उलटा वळवला आणि त्याच्या रबरी दातांच्या मधे नखाने चाचपत राहिली. रबराला केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या.

"बघा," ती म्हणाली. "दिसतंय? मी म्हटलं नव्हतं?"

त्या दिवशी ती खुशीत होती, हे मी नाकारणार नाही. संध्याकाळी मुलीला फोन लावायला सांगितला आणि तिलाही भेगांचं सांगितलं. मुलगी "अरे वा" म्हणाली. रात्री बायकोने एक पोळी जास्त खाल्ली. मला वाटलं, एकवीस हजार गेले ते या एका दिवसासाठी गेले असले तरी चालतील.

पण तिच्या मनात तो दिवस शेवटचा नव्हता. दोन दिवसांनी तिने सकाळची गोळी घेतली, तासभर वाट पाहिली आणि कपाटातून किल्ली काढली. गोळी अंगात मुरली की तिचे हातपाय थोडा वेळ ऐकायचे, ती वेळ तिने बरोबर साधली होती. "फक्त खाली जाऊन बसायचंय," ती म्हणाली. "आवाज ऐकायचाय इंजिनाचा."

मी तिला धरून खाली नेलं. ती उजवीकडे बसली, मी डावीकडे. किती दिवसांनी आम्ही आपापल्या जागी बसलो होतो. तिने सीट पुढे ओढली, आरसा सारखा केला, किल्ली फिरवली. इंजिन लगेच चालू झालं. काच खाली करून ती कान देऊन ऐकत राहिली.

"ऐकलंत?"

"काय?"

"काही नाही. काही ऐकू येत नाही ना? म्हणजे बरोबर बसलाय."

मला वाटलं आता ती बंद करेल. तिने डावा पाय क्लचवर ठेवला, दाबला आणि गिअर टाकला. मी म्हटलं, "अगं, नको." ती म्हणाली, "गेटपर्यंत फक्त." मग तिचा पाय तिथेच राहिला. ती त्या पायाकडे बघत होती. उचलायचा प्रयत्न करतेय हे तिच्या मांडीच्या थरथरण्यावरून कळत होतं. पाय मात्र पेडलला चिकटवल्यासारखा झाला होता. आणि मग तो एकदम सुटला. गाडीने उसळी घेतली आणि समोरच्या खांबापासून वीतभर अंतरावर बंद पडली.

तिचे हात स्टिअरिंगवर होते आणि आता दोन्ही थरथरत होते. मी उतरून तिच्या बाजूला गेलो, दार उघडलं. तिला पाय बाहेर काढता येईना. वॉचमन धावत आला. त्याने एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने धरून तिला बाहेर काढलं. त्या ओढाताणीत तिच्या साडीच्या निऱ्या सुटल्या आणि त्या सावरायला तिला हात मोकळा मिळेना. मीच त्या कशातरी खोचल्या. नेमके तेव्हाच तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन समोरून आले. सोसायटीच्या कमिटीवर आहेत. मनाने वाईट नाहीत, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

"काय वहिनी," ते म्हणाले, "लाँग ड्राइव्हहून आलात वाटतं?"

तिने त्यांना उत्तर दिलं. काय दिलं ते मी ऐकलं, आणि जुने दिवस असते तर त्या उत्तराने त्यांची आठवडाभर झोप उडाली असती. पण त्यांना ते ऐकूच गेलं नाही. ते हसून लिफ्टकडे गेले.

त्या दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी तिच्या पाठीशी बसून म्हटलं, "मी शिकतो." मी पुन्हा म्हटलं, "मी गाडी शिकतो. तू शेजारी बस. मला सांगत जा." बऱ्याच वेळाने तिचा हात मागे आला आणि माझ्या गुडघ्यावर टेकला.

मी सदुसष्ट वर्षांचा होतो. लर्निंग लायसन काढलं, मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा तरुण माझा नातू शोभला असता. तो मला "सर" म्हणायचा आणि त्याच्या पायाशी असलेल्या ब्रेकवर सतत पाय ठेवून असायचा. मी चालवतो असं मला वाटायचं. खरं तर तोच चालवायचा. महिना संपला तेव्हा तो म्हणाला, "सर, अजून दहा दिवस वाढवून घ्या." मी वाढवून घेतले. घरी आलो की बायको विचारायची, आज कुठे नेलं, कितव्या गिअरपर्यंत गेलात, अर्ध्या क्लचवर गाडी धरता आली का. त्या महिन्यात ती कितीतरी बोलली. अर्ध्या क्लचबद्दल तर ती मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून, दोन पाटांवर पाय ठेवायला लावून शिकवायची.

मग एका रविवारी सकाळी लवकर आम्ही आमची गाडी बाहेर काढली. पुढेमागे लाल एल चिकटवलेला. ती डावीकडे बसली होती. त्या बाजूने रस्ता कसा दिसतो हे तिला नवीन होतं, दारावरची मूठ तिने घट्ट धरली होती. रस्ते रिकामे होते. सोसायटीतून पौड रोडला लागेपर्यंत सगळं ठीक झालं. तिने माझ्याकडे पाहून मान डोलावली. मला आतून एकदम तरुण वाटलं. मी म्हटलं, "चांदणी चौकापर्यंत जाऊ या का?" ती म्हणाली, "चला."

चढाला सिग्नल लागला. मी थांबलो. मागे एक पीएमटीची बस येऊन उभी राहिली, तिच्यामागे आणखी गाड्या. सिग्नल सुटला. मी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. ब्रेकवरचा पाय निघाला आणि गाडी मागे घसरायला लागली. बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. ती मला काहीतरी सांगत होती. तिचे ओठ हलत होते, तिने माझ्या हाताला धरलं होतं, पण हॉर्नच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. "काय?" मी ओरडलो. "काय म्हणतेयस? जोरात बोल ना!"

जोरात बोल, असं मी तिला म्हणालो.

मी कसाबसा ब्रेक दाबून गाडी थांबवली. मग काही करायचा धीरच झाला नाही. एक स्कूटरवाला स्कूटर बाजूला लावून आला आणि म्हणाला, "काका, सरका. मी घेतो बाजूला." मी उतरलो. त्याने गाडी फुटपाथला लावून दिली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि तिला खिडकीतून बघून म्हणाला, "आजी, आजोबांना गाडी देत जाऊ नका हां." चांगला माणूस होता. मुलगी वाघोलीहून कॅबने येईपर्यंत आम्ही तिथे बसून होतो. रस्त्यावर हळूहळू गर्दी वाढत गेली. बायको समोर बघत होती. तिने मला काय सांगायचा प्रयत्न केला होता ते मी विचारलं. "हँडब्रेक," ती म्हणाली.

गाडी मुलीने घरी आणून लावली. त्यानंतर बायकोने गाडीचं नाव काढलं नाही. मी ड्रायव्हिंग स्कूलला परत गेलो नाही आणि तिने का जात नाही असं विचारलं नाही. पावसाळा आला. वॉचमन बदलला, किल्ली मागायला कुणी येईना. बॅटरी उतरली. एकदा खाली गेलो तर बॉनेटवर मांजर पिलं घेऊन बसलं होतं. बायकोची गोळी अंगात राहायची वेळ आता कमी कमी होत होती. ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा न्हाणीघरात. मग आम्ही दिवसाची बाई ठेवली, पुढे रात्रीचीही.

शेवटी मुलीने जुन्या गाड्या घेणारा एक माणूस पाठवला. त्याने गाडीभोवती फिरत मोबाइलवर फोटो काढले, दारांच्या कडा चाचपल्या, टायरवर बूट आपटला आणि आकडा सांगितला. लाखाच्या बराच खाली. मी म्हटलं, "अहो, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप नवीन घातलाय. एकवीस हजार खर्च केलाय. त्यानंतर गाडी पन्नास किलोमीटरही चालली नसेल."

"ते आमच्यात पकडत नाहीत, काका. मॉडेलचं वर्ष, किलोमीटर आणि बॉडी. बस."

"बिल आहे माझ्याकडे."

"असू द्या तुमच्याजवळ."

गाडी तिच्या नावावर होती, म्हणून सह्या तिच्या लागणार होत्या. तो वर आला. आम्ही तिला हॉलमध्ये खुर्चीत बसवलं, मांडीवर पाट ठेवला. तिची सही पूर्वी मोठी असायची, आडनावाच्या शेवटी एक लांब फटकारा. आता अक्षरं मुंगीएवढी व्हायची आणि पुढे जातील तशी आणखी बारीक होत जायची. तिने सही केली. त्याने तो कागद जुनी सही असलेल्या कागदाशेजारी धरून पाहिला.

"मॅडम, मॅच व्हायला पाहिजे. जरा मोठी करा ना. आरटीओत परत पाठवतात."

तिने पुन्हा केली. पुन्हा. तिच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या का चौथ्या वेळी त्याने "चालेल, बघतो ॲडजस्ट करून" म्हणत कागद गोळा केले. तेव्हा ती काहीतरी म्हणाली. तो माझ्याकडे बघायला लागला. मी तिच्या तोंडाशी कान नेला.

"ती म्हणतेय," मी सांगितलं, "जो कुणी घेईल त्याला सांगा, बेल्ट आणि पंप नवीन आहे. नाहीतर त्याच्याकडून गॅरेजवाले पुन्हा पैसे काढतील."

"हो हो, सांगतो की," तो म्हणाला. कागद क्रमाने लावत होता, मान वर न करता. ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने सांगितलं असेल असं मला वाटत नाही, आणि तिलाही वाटलं नसणार.

दोन माणसांनी धक्का देऊन गाडी गेटबाहेर काढली. मी खिडकीत उभा होतो. तिला खिडकीशी आणू का असं विचारलं, तिने मान हलवून नको म्हटलं. संध्याकाळी मुलीचा फोन आला, पैसे खात्यात आले का विचारायला. आले होते. रात्रीच्या बाईचे काही महिने त्यातून निघाले. पार्किंगची जागा कमिटीने एका भाडेकरूला दिली. त्याच्याकडे चकाकणारी पांढरी गाडी आहे, विजेवर चालणारी.

आता ती बहुतेक वेळ पलंगावरच असते. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडे न्यायचं थांबवलंय. खाली नेणं आणि गाडीत बसवणं तिला सोसत नाही. डॉक्टर फोनवर माझ्याशी बोलतात, डोस वाढवतात, कमी करतात. गिळायचा त्रास वाढला की नळीचा विचार करावा लागेल, असं त्यांनी मागच्या वेळी सांगितलं. मी बरं म्हटलं. मुलगी रविवारी येते, आता घाई करत नाही, आईचे केस विंचरत बसते. कधी कधी ती आईला काहीतरी विचारते आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलत राहते. मीही तसंच करायला लागलोय.

गेल्या आठवड्यात रात्रीची बाई बदलली. नवीन बाई मुळशीकडच्या गावातली आहे, हाताने हलकी, कामाला नीट. पहिल्याच दिवशी चादर बदलताना तिने मला विचारलं, "आज्जी पहिल्यापासनंच अशा गप हायेत का ओ?"

"नाही," मी म्हटलं.

मी आणखी काही सांगेन म्हणून ती थोडा वेळ थांबली. मग तिने बायकोच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले आणि तिला दुसऱ्या कुशीवर वळवलं.